फॉल आवडलाच पाहिजे का?

डेकवरची_तुळस
ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला की ऑफिसात, मंडळाच्या ग्रुपवर, शेजारणींमध्ये सगळीकडे एकच सुरू होतं, चला फॉल (इथला पानगळीचा ऋतू) आला, स्वेटर काढा, सफरचंदं तोडायला कधी जायचं, पानं बघायला कुठे जायचं. मी त्या गप्पांत गप्प असते कारण मला आतून अजिबात तसं वाटत नाही. शिकागोच्या पश्चिमेला सबर्बमध्ये राहते, नवीन नाहीये इथे, बर्फ पाहून झालाय, गाडी घसरून झालीये, तरी दरवर्षी याच दिवसांत पोटात खड्डा पडतो.

जूनच्या शेवटी इथे साडेआठला सूर्य मावळतो आणि नऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे ऑफिसातून येऊन स्वयंपाक, जेवणं उरकून परत एक मोठी चक्कर मारता येते. सप्टेंबरात दिवस रोज जवळजवळ तीन मिनिटांनी आखडतो, महिना संपताना साडेसहाला सूर्यास्त, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे गेलं की पावणेपाचलाच. म्हणजे ऑफिसातून निघतानाच रात्र. यात आनंद करण्यासारखं काय आहे हे मला खरंच समजून घ्यायचंय.

डेकवर माझी मिरची, मेथी, अळू, गवार असते. रात्रीचं तापमान पन्नास फॅरनहाइटच्या (दहा सेल्सिअसच्या) खाली जायला लागलं की कढीपत्ता आणि तुळस आत घ्यायची, आत आली की महिन्याभरात तुळशीची पानं गळायला लागतात, खिडकीतलं ऊन पुरत नाही तिला. आणि मुख्य म्हणजे आईबाबा. ते मे महिन्यात येतात, एअरपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का मिळतो, ऑक्टोबरात परत जातात. अख्खा फॉल माझ्यासाठी बॅगा भरण्याचा, वजनकाट्यावर बॅगा ठेवण्याचा आणि औषधांच्या याद्या करण्याचा असतो. बाहेर झाडं लाल होतायत आणि घरात हे.

तर ज्यांना फॉल मनापासून आवडतो त्यांनी सांगा, नक्की काय आवडतं. आणि ज्यांना माझ्यासारखं होतं त्यांनी पण लिहा, एवढ्या मराठी माणसांत मी एकटीच असेन असं वाटत नाही.


गार_वारा
मी मॅडिसन, विस्कॉन्सिन. मला फॉल मनापासून आवडतो आणि त्यासाठी मी कोणाची माफी मागणार नाही.

तू उन्हाळ्याचे फक्त संध्याकाळचे दोन तास सांगितलेस. जुलैतली दुपार कुठे गेली? मका वाढत असतो तेव्हा मिडवेस्टात हवा इतकी दमट होते की दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते, संध्याकाळी डास, पोरांच्या पायांवर गांधी, घराच्या खिडक्या तीन महिने बंद आणि एसी चालू. उन्हाळाभर आपण बाहेर असतो हे मुळात खरं नाहीये, आपण एसीतून एसीत जात असतो. मी वर्षात पहिल्यांदा खिडक्या उघडून झोपतो तो सप्टेंबरात.

आणि पानं बघायला जाणं म्हणजे नुसती फोटोची हौस नाही. थोडं समजून बघितलं तर फार भारी गोष्ट आहे. दिवस लहान झाला की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून कामाचं सगळं परत फांदीत ओढून घेतं. पिवळा, नारिंगी रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा गेला की तो दिसतो. पण मेपलचा लाल रंग झाड त्याच दिवसांत नव्याने बनवतं, आणि दिवसा स्वच्छ ऊन नि रात्री गारवा मिळाला तर तो जास्त चढतो. म्हणून दरवर्षीचा फॉल वेगळा असतो, एखाद्या वर्षी पावसाळी ढगाळ गेला की सगळं फिकं. तू शिकागोच्या पश्चिमेला म्हणतेस म्हणजे लाइलचं मॉर्टन आर्बोरेटम तुला जवळ असणार. १९२२ साली मिठाच्या कंपनीवाल्या जॉय मॉर्टनने सुरू केलेलं, जगभरची झाडं आहेत तिथे. ऑक्टोबरच्या मध्यावर एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी जाऊन बघ, वीकेंडला गर्दी असते.

शिवाय आपले सण बघ. गणपती, नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी, सगळं याच काळात. वर्षभरात मराठी माणसं एकमेकांना जितकी भेटतात त्यातली अर्धी भेट फॉलमध्ये होते. आईबाबा जातात याचं वाईट वाटणं मी समजू शकतो, माझेही जातात. पण ते दुःख इमिग्रेशनच्या शिक्क्याचं आहे, त्याचं खापर ऋतूवर का फोडायचं?


कोल्हापुरी_चहा
ओहायोतून. मला भावनिक काही म्हणायचं नाहीये, ज्यांना रॅगवीड नावाच्या तणाच्या परागांची ॲलर्जी आहे त्यांची बाजू कोणीतरी मांडा म्हणून लिहितोय. ऑगस्टच्या मध्यापासून पहिला फ्रॉस्ट (गोठलेलं दव) पडेपर्यंत आमचं नाक, डोळे, घसा सगळं वाहत असतं. लोक म्हणतात खिडक्या उघडा, काय सुंदर हवा आहे. त्याच हवेतून पराग येतात. मी सप्टेंबरभर खिडक्या बंद करून बसतो. फ्रॉस्ट पडला की मग आवडतो मला फॉल, तोवर नाही.


नागपुरी_संत्रं
मी नागपुरात राहते, भाऊ डॅलसला आहे म्हणून हे सगळं वाचते. उन्हाळा संपल्याचं वाईट वाटतं हे वाचून मला आधी दोनदा वाचावं लागलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. सकाळी दहाच्या आत बाजार उरकायचा, दुपारी डोक्याला दुपट्टा, कांदा खिशात, कूलरच्या टाकीत दिवसातून कितीदा पाणी भरायचं त्याची गणती नाही. बांधकामावरची माणसं, रिक्षावाले, शेतमजूर यांना तर ते पण नशिबात नाही. मृगाचा पहिला पाऊस पडला की अख्खी गल्ली बाहेर येते. उन्हाळा जातोय म्हणून हुरहूर वाटली तर ती आंब्यांपुरती आणि मुलांना सुट्टीपुरती, बाकी कोणालाही नाही.

आणि आमचा शरद म्हणजे तुमचा फॉल नव्हे. पाऊस ओसरला की ऑक्टोबर हीट, जमिनीतून वाफ निघते, अंगाला चिकचिक. थंडी वाजायला दिवाळी यावी लागते. थंडीची वाट बघत आम्ही दिवस काढतो आणि तुम्ही थंडी येतेय म्हणून दुःख करता. ज्याला ऊन सोसावं लागत नाही त्यालाच ते इतकं हवंहवंसं वाटतं, माझं मत स्पष्ट आहे.


डेकवरची_तुळस
@नागपुरी_संत्रं तुमचं म्हणणं तुमच्या जागी शंभर टक्के बरोबर आहे. माझं माहेर सांगली, मे महिना मला पण माहीत आहे. पण मी तापमानाबद्दल बोलतच नाहीये, उजेडाबद्दल बोलतेय. सांगली, पुण्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यांच्यात जेमतेम दोन तासांचा फरक पडतो. डिसेंबरातसुद्धा सहापर्यंत उजेड असतो, मुलं मैदानावर असतात. शिकागोत तोच फरक सहा तासांचा आहे. आपल्या शरीराला, आपल्या आईवडिलांच्या शरीराला ही सवयच नाही.

@गार_वारा शिक्क्याचं दुःख ऋतूवर का, असं विचारलंस. कारण ते दोन वेगळे करता येत नाहीत. आईबाबा मे ते ऑक्टोबरच का येतात? थंडी सोसवत नाही म्हणूनच. गुडघे, दमा, बर्फावर पडायची भीती. हिवाळा नसता तर ते नोव्हेंबरातही आले असते. ऋतूच ठरवतो ना ते किती दिवस राहणार. आणि सणांचं म्हणशील तर यंदा अधिक महिन्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला, म्हणजे आरती तरी आईबाबांबरोबर होईल. लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. तेव्हा ते पुण्याला भावाकडे आणि मी इथे व्हिडिओ कॉलवर पणती दाखवणार. तुझी फॉलमधली अर्धी भेट म्हणजे मंडळाच्या हॉलमधली भेट. मला घरातली माणसं हवी असतात.


रात्रपाळी_नर्स
मी हॉस्पिटलमध्ये काम करते, शिकागोतच. मला तुळशीच्या बाजूने दोन गोष्टी सांगायच्या आहेत कारण ‘हवामानच तर बदलतंय, त्यात काय एवढं’ असं आपल्या लोकांत फार ऐकते.

दिवस लहान झाले की काही जणांना दरवर्षी नेमक्या याच काळात उदास वाटायला लागतं, झोप वाढते, गोड आणि भाताची खा खा होते, कशात मन लागत नाही आणि वसंतात आपोआप बरं वाटतं. याला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर म्हणतात. १९८४ साली डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. हे डॉक्टर मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे, तिथल्या भरपूर उन्हातून १९७६ मध्ये न्यूयॉर्कला आले आणि हिवाळ्यात आपल्याला काहीतरी होतंय हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं. उन्हाच्या देशातून आलेल्या माणसाला हे जाणवलं यात मला तरी नवल वाटत नाही. त्यामुळे दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून असं होत असेल तर फॅमिली डॉक्टरशी बोला. सकाळी उठल्यावर अर्धा तास दहा हजार लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिव्यासमोर बसणं हा उपचार बऱ्याच जणांना लागू पडतो, फक्त डोळ्यांचा काही आजार असेल किंवा बायपोलर असेल तर आधी विचारूनच.

दुसरं ड जीवनसत्त्व. आपण ४२ अक्षांशावर आहोत, इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन इतकं तिरपं येतं की उन्हात उभं राहून पण त्वचेत ते जवळपास तयार होत नाही, आणि सावळ्या त्वचेला एरवीसुद्धा गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. म्हणून सप्टेंबरातच तपासून घ्यायला सांगते मी सगळ्यांना, मनाने गोळ्या सुरू करू नका.

ज्यांना फॉल आवडतो त्यांनी तो जरूर एन्जॉय करावा. पण समोरच्याला उदास वाटत असेल तर त्याला सफरचंद बागेत ओढत नेणं हे औषध नाही.


गार_वारा
@रात्रपाळी_नर्स ताई, दिव्याचं आणि तपासणीचं पटलं, आजार हा आजारच. पण बघा, तुम्ही सांगितलेलं जवळजवळ सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं आहे. म्हणजे हिवाळ्याचं. सप्टेंबरात दिवस अजून बारा तासांचा आहे, ऊन सोनेरी आहे, पोरांना शाळेची नवलाई आहे, हनीक्रिस्प सफरचंदं झाडावर आहेत (मिनेसोटा विद्यापीठाने काढलेली जात, शेजारच्या राज्याची म्हणून आम्हाला विशेष प्रेम), मिशिगन लेकचं पाणी तर जूनपेक्षा सप्टेंबरच्या सुरुवातीला जास्त कोमट असतं कारण एवढं पाणी तापायलाच अख्खा उन्हाळा लागतो. जे पुढे येणार आहे त्याच्या धास्तीने हातातले दोन सर्वात चांगले महिने का घालवायचे, हाच माझा मुद्दा आहे. हिवाळ्याचा राग फॉलवर काढू नका.

आणि उन्हाळा म्हणजे आपोआप सुख असंही नाही. १९९५ च्या जुलैत शिकागोतच उष्णतेच्या लाटेत सातशेहून जास्त माणसं गेली, त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं फार होती. म्हणजे माणूस एकटा असला की उन्हाळा पण तितकाच वाईट.


सिअ‍ॅटलचा_पाऊस
आमच्याकडचं गणित पूर्ण वेगळं. इथे उन्हाळा हाच वर्षातला कोरडा काळ, जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जवळपास नाहीच, त्यामुळे पूर्वी सगळे सप्टेंबर संपू नये म्हणायचे. पण आता ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे जंगलातल्या आगींचा धूर. सप्टेंबर २०२० मध्ये सिअ‍ॅटल आणि पोर्टलंडची हवा काही दिवस जगातल्या सर्वात खराब हवांमध्ये होती, सूर्य केशरी गोळा दिसत होता आणि आम्ही टॉवेल लावून दाराच्या फटी बंद करत होतो. तेव्हापासून मी पहिल्या मोठ्या पावसाची वाट बघते. तो पडला की मुलांना बाहेर सोडता येतं. ऑक्टोबरपासून राखाडी आभाळ सुरू होतं ते मेपर्यंत, ते मान्य. तरी श्वास घेता येणं आधी.


निगडीच्या_काकू
नमस्कार. मी मुलाकडे आले आहे, इलिनॉयमध्येच. सुनेने हा धागा दाखवला म्हणून लिहिते आहे. तुम्ही सगळे आईबाबांबद्दल बोलताय, तर त्या आईबाबांपैकी एक म्हणून माझं ऐका.

उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या तळ्याजवळ बाकांवर आम्ही जमतो. एक तेलुगू आजोबा आहेत, दोन गुजराती बहिणी, एक पंजाबी जोडपं, आणि आम्ही मराठी तिघीजणी. हिंदी सगळ्यांची वेगवेगळी पण चालतं. कोणाचं बीपी, कोणाच्या नातवाला काय झालं, मोड आलेली मटकी कोणी केली, सगळं कळतं. मी माझी माझी चालत जाते आणि चालत येते, कोणाला गाडी काढा म्हणावं लागत नाही. भारतात मी बँक, भाजी, दवाखाना सगळं एकटी करते, स्कूटर चालवते. इथे माझ्या पायांवर मला जिथवर जाता येतं तेवढंच माझं जग.

सप्टेंबर लागला की आधी वारा सुटतो, मग ज्यांचे सांधे दुखतात ते यायचे बंद होतात. मग मुलं येईपर्यंत अंधार पडायला लागतो तर घरचे म्हणतात आई एकटी जाऊ नकोस. ऑक्टोबरात बाक रिकामे. मुलगा-सून सहाला येतात, नातू शाळेतून येतो तो अभ्यासाला बसतो. सकाळी साडेसातपासून दुपारी साडेतीनपर्यंत मी आणि टीव्ही.

गार वारा, तुम्ही पानांबद्दल छान लिहिलंत. मी शिक्षिका होते, पानांचे रंग मी मुलांना शिकवले आहेत, पण मेपल इथे येऊन पाहिला. सुंदर आहेच, मला खोटं बोलायचं नाही. मी ते खिडकीतून पाहते आणि मग शनिवारी मुलगा गाडीतून नेतो तेव्हा पाहते. थंडीचं मला काही वाटत नाही हो, लोकरीचं घातलं की झालं. माणसं आत जातात त्याचं वाटतं. तुम्हाला ऑफिस आहे, तुमची माणसं ऑफिसात भेटतात. आमची बाकावर भेटतात.


स्टॉकहोमवासी
काकू, तुमचं वाचून आधी लिहिलेलं सगळं खोडलं आणि परत लिहितोय, कारण आमच्याकडे नेमकं उलटं होतं आणि ते का होतं हे सांगावंसं वाटलं.

स्टॉकहोममध्ये जूनमध्ये साडेअठरा तासांचा दिवस असतो आणि डिसेंबरात सहा तासांचा. सप्टेंबरात रोज पाच मिनिटांहून जास्त उजेड कमी होतो. तुमच्या शिकागोच्या दुप्पट वेगाने. म्हणजे या धाग्यावर फॉलला शिव्या देण्याचा सर्वात जास्त हक्क माझा. तरी मला शरद आवडतो, आणि कारण माणसंच.

जुलैत इथे सगळा देश सुट्टीवर जातो. स्वीडिश लोक आपापल्या उन्हाळी घरांत, बेटांवर, आजीआजोबांकडे. ज्यांचं इथे गावाकडे घर नाही, नातेवाईक नाहीत त्यांना जुलैत शहर ओस वाटतं, डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही, ईमेलला उत्तर येत नाही, ओळखीचं कोणी दिसत नाही. इतकं सुंदर ऊन आणि बोलायला माणूस नाही. पहिला उन्हाळा मी असाच काढला. ऑगस्टच्या शेवटी मग सगळे परततात. भाषेचे वर्ग सुरू होतात, बॅडमिंटनचे हॉल सुरू होतात, गाण्याचे ग्रुप, मुलांचे क्लास, ऑफिसातली कॉफी. आणि जंगलात मशरूम. इथे कायद्याने कोणालाही कोणाच्याही जंगलात जाऊन मशरूम आणि बेरी तोडता येतात, फक्त घराच्या अंगणात शिरायचं नाही आणि पिकाचं नुकसान करायचं नाही. मला कँटारेल नावाचं मशरूम ओळखायला एका शेजारच्या आजींनी शिकवलं, त्या सत्तरीच्या पुढच्या आहेत आणि टोपली घेऊन माझ्यापुढे चालतात.

म्हणून मला वाटतं उजेड कमी होणं सगळीकडे सारखं वाईट नसतं. जिथे अंधार पडल्यावर पण माणसं भेटायची सोय केलेली असते तिथे तो सोसतो. काकूंच्या सबर्बात बाक सोडून दुसरी सोयच नाहीये, गाडी नाही तर माणूस नाही. दोष तिथे आहे.


मिसिसागा_मिसळ
@स्टॉकहोमवासी याच्याशी मी पूर्ण सहमत नाही पण अर्धी सहमत आहे. कॅनडात सुपर व्हिसा आहे, आईवडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, त्यामुळे आमच्याकडे सासूबाई सासरे हिवाळ्यात पण असतात. सोय आहे. मॉल दुकानं उघडायच्या आधी चालणाऱ्यांसाठी उघडतात, सकाळी आपले सगळे आजोबा लोक स्पोर्ट शूज घालून आत फेऱ्या मारतात. लायब्ररी आहे, सीनियर सेंटर आहे, सिटी बस आहे. तरी सासूबाई ऑक्टोबर लागला की बोलायच्या कमी होतात, हे मी घरात बघते. सोय झाली म्हणजे मन लागलं असं होत नाही. अंगणात पाय टाकणं आणि मॉलमध्ये गोल फिरणं यात फरक आहेच. त्यांना ऊन अंगावर हवं असतं, लोणचं उन्हात ठेवायचं असतं, बाहेर खुर्ची टाकून पालेभाजी निवडायची असते. ते सप्टेंबरच्या पुढे कोणीच देऊ शकत नाही.


नागपुरी_संत्रं
काकूंचं वाचलं. ज्याला ऊन सोसावं लागत नाही त्यालाच ते हवंसं वाटतं असं मी वर लिहिलं ते मी ज्या उन्हात राहते त्याबद्दल आहे आणि त्यावर मी ठाम आहे. पण काकूंची गोष्ट उन्हाची नाहीच, एकट्याने घराबाहेर पडता येण्याची आहे. आमच्याकडे मे महिन्यात दुपारभर बायका अशाच घरात अडकतात, फक्त तिथे दाराबाहेर शेजारीण असते.


डेकवरची_तुळस
काकू, तुम्ही लिहिलंत ते माझ्या आईने मला कधी सांगितलं नाही आणि ती पण अशाच बाकावर जाते. आज विचारणार आहे.

@स्टॉकहोमवासी तुझ्या म्हणण्यात एक अडचण आहे. तू म्हणतोस माणसं भेटायची सोय असली की अंधार सोसतो. मला ऑफिस आहे, मंडळ आहे, मैत्रिणी आहेत, गाडी आहे. तरी मला सप्टेंबर नको असतो. मिसळ म्हणतेय ते जास्त खरं वाटतं मला. काही माणसांना उजेडच हवा असतो, त्याला पर्याय नाही, आणि तसं असणं चालायला हवं.


गार_वारा
चालायला हवंच. मी फक्त एवढंच म्हणतोय की ज्याला आवडतो त्याला पण चालायला हवं, नाहीतर दरवर्षी ऑक्टोबरात मी आर्बोरेटमचे फोटो टाकले की कोणीतरी खाली लिहितंच की आता डिप्रेशन सुरू. माझ्यासाठी वर्षातला हा सगळ्यात जिवंत काळ आहे, तो मी दबक्या आवाजात साजरा करणार नाही.

पण काकूंचं मनात राहिलं. आपली मंडळं गणपती, दिवाळी, कोजागिरी सगळं वीकेंडला संध्याकाळी करतात, म्हणजे जे आधीच गाडीने फिरतात त्यांच्यासाठी. ऑक्टोबरपासून आठवड्यातून एकदा, कामाच्या दिवशी, लायब्ररीची खोली घेऊन आजीआजोबांना जमवायला काय हरकत आहे? बहुतेक लायब्रऱ्यांत खोली फुकट किंवा किरकोळ भाड्यात मिळते, फक्त आधी नाव घालावं लागतं.


कोल्हापुरी_चहा
कल्पना चांगली आहे पण कामाच्या दिवशी अकरा वाजता त्यांना सोडणार कोण? सगळे ऑफिसात. आमच्याकडे हे करून बघितलं होतं, दोन आठवडे लोकांनी रजा टाकून आणलं, मग बंद पडलं. वीकेंडला करा, निदान टिकेल.


निगडीच्या_काकू
वीकेंडला मुलगा घरी असतो, तेव्हा मला एकटं वाटत नाही. मंगळवार, बुधवार असं काहीतरी हवं. खूप काही नको आहे, चहा आमचा आम्ही थर्मासमध्ये आणू. आणि मी ऑक्टोबरच्या शेवटी जाणार, पण ते तेलुगू आजोबा ग्रीन कार्डवर आहेत, ते जानेवारीत पण इथेच असतात. त्यांचं बघा आधी.


रात्रपाळी_नर्स
इलिनॉयमध्ये बऱ्याच टाउनशिपच्या (म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या) सीनियर लोकांसाठी डायल-अ-राइड बस असतात, घरापासून नेतात आणि परत घरी सोडतात, भाडं थोडं असतं, आधी नोंदणी करावी लागते. आजोबा रहिवासी आहेत म्हणजे त्यांना अर्ज करता येईल. पाहुण्या आलेल्यांसाठी प्रत्येक टाउनशिपचा नियम वेगळा, फोन करूनच विचारायचं. माझी रात्रपाळी सकाळी सातला सुटते, झोप काढून मंगळवारी अकराला मी एका गाडीत चौघांना आणू शकते, दर आठवड्याला नाही पण महिन्यातून दोनदा नक्की. उरलेल्या दोन मंगळवारांना घरून काम करणारं कोणी पुढे या. तुळस, तुझी लायब्ररी कुठली, खोलीचं तू बघशील का? सप्टेंबरातच नाव घालावं लागेल, ऑक्टोबरात सगळ्या खोल्या भरतात.


डेकवरची_तुळस
बघते, उद्या लंच टाइममध्ये फोन करते. मंगळवारी मी घरूनच काम करते, अकरा ते साडेबारा मीटिंग नसते, दोन मंगळवार माझे. आईबाबा आहेत तोवर त्यांना पण आणीन. काकू, तुम्ही कुठल्या गावात आहात ते मेसेज करा.